वाचकांचे प्रश्न: रोबोच्या चेसिसचा पत्रा

प्रश्न : रोबोसाठी १.५ मिमी सी.आर. (कोल्ड रोल्ड, थंड लाटलेल्या पोलादी) पत्र्याचं यू आकाराचं चेसिस नाशिकच्या अंबडला लेझरवर कापून वाकवून घेतलं. बाहेरून तळ १६० आणि भिंती ४० मिमी हव्या होत्या. हातात आलं ते १६३ आणि ४१.५. बेंडिंगवाला म्हणतो, ड्रॉइंगप्रमाणेच केलं. चूक कोणाची?
– विद्यार्थी गट, गंगापूर रोड

उत्तर : बेंडिंगवाल्याचं बरोबर आहे. तुम्ही ४० + १६० + ४० अशी सरळ बेरीज करून २४० चा ब्लँक (वाकवण्याआधीचा सपाट तुकडा) कापलात आणि बेंडच्या रेषा काठापासून ४० वर आखल्यात. पत्रा वाकताना बाहेरून ताणला जातो, त्यामुळे प्रत्येक बेंडमागे काही माप वजा करावं लागतं.

ते किती, हे डायवर, म्हणजे ज्या खाचेच्या साच्यात पत्रा दाबून वाकवतात त्यावर ठरतं. म्हणून ड्रॉइंगला बसण्याआधी व्ही-डाय (व्ही आकाराच्या खाचेची) किती रुंदीची लावणार, हे विचारून घ्या. १.५ मिमीला सहसा १२ मिमीची, म्हणजे जाडीच्या आठपट. एअर बेंडिंगमध्ये (पत्रा डायच्या तळाला न टेकवता वाकवतात तेव्हा) आतली त्रिज्या पंचच्या, म्हणजे वरून दाबणाऱ्या पट्टीच्या, टोकापेक्षा डायच्या रुंदीवर अवलंबून असते. साध्या पोलादात ती रुंदीच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढी, इथे २ मिमी. के-फॅक्टर (वाकताना ज्याची लांबी बदलत नाही तो थर आतून जाडीच्या किती हिश्शावर आहे, तो आकडा) ०.४ धरला तर ९० अंशांच्या बेंडमध्ये लागणारा पत्रा १.५७ (π/२) × (२ + ०.४ × १.५) = ४.०८ मिमी. बाहेरच्या मापांत त्याच कोपऱ्याचे दोन्ही बाजूंना त्रिज्या अधिक जाडी, म्हणजे ३.५ + ३.५ = ७ मोजले जातात. वजावट २.९२. ब्लँक २३४.१६, बेंडची रेषा काठापासून ३८.५४ वर, दोन रेषांमध्ये १५७.०८.

आकडेमोडीपेक्षाही खात्रीचा उपाय : त्याच पत्र्याची १०० मिमीची पट्टी त्याच डायवर मधोमध वाकवा, दोन्ही बाजू बाहेरून मोजा. बेरीज १०० पेक्षा जितकी जास्त, तितकी तुमची वजावट. आणि ऑर्डरवर '१६ गेज' लिहू नका; पत्रा १.६ चा येईल.

प्रश्न : वजन कमी व्हावं म्हणून २ मिमी ६०६१-टी६ ॲल्युमिनियम घेतलं. बेंडवर बाहेरून तडे गेले.
– वाचक, सातपूर

उत्तर : ६०६१-टी६ मिलिंगला (कटरने कोरून काढायला) छान, वाकवायला नाही. आतली त्रिज्या जाडीच्या निदान तिप्पट नसेल तर ते तडकतं. ५०५२-एच३२ या प्रकारचं ॲल्युमिनियम घ्या, जाडीएवढ्या त्रिज्येत सहज वाकतं. बेंडची रेषा रोलिंगच्या (पत्रा लाटल्याच्या) दिशेशी काटकोनात ठेवा आणि कापलेल्या काठाची बर (कापताना उरलेली खरबरीत धार) आतल्या बाजूला येऊ द्या, कारण तडा बाहेरच्या खरबरीत काठापासून सुरू होतो. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त परत उघडतं, तेव्हा पहिला नग गुण्याने तपासल्याशिवाय पुढचे वाकवू देऊ नका.

प्रश्न : बेंडजवळची मोटरची भोकं लांबट का होतात?
– वाचक, नाशिकरोड

उत्तर : भोक डायच्या उघड्या भागावर येतं म्हणून. १२ ची डाय म्हणजे बेंडच्या रेषेपासून दोन्हीकडे ६ मिमी पत्रा अधांतरी असतो. भोकाची कड रेषेपासून किमान ८ मिमी दूर ठेवा. मोटर जवळच हवी असेल, तर भोक वाकवल्यानंतर ड्रिल करा. याच कारणाने १० मिमीपेक्षा आखूड भिंतही काढू नका. ती डायमध्ये घसरते. दोन बेंड जिथे कोपऱ्यात भेटतात, तिथे पत्र्याच्या जाडीएवढी रुंद आणि ४ मिमी खोल खाच द्या, नाहीतर कोपरा फाटेल.

लेझरसाठी ड्रॉइंगची डीएक्सएफ फाइल १:१ (खऱ्या मापात) द्या आणि बेंडच्या रेषा वेगळ्या लेयरवर ठेवा. नाहीतर लेझर त्याही कापून टाकेल.