मुंबईच्या फोर्टमध्ये किल्ला नक्की कुठे आहे?

होता, इंग्रजांनीच पाडला. गव्हर्नर चार्ल्स बूनच्या काळात, 1715 नंतर, शहराभोवती तट उभा राहिला. त्याला तीन मुख्य दरवाजे होते: अपोलो गेट, बझार गेट आणि चर्च गेट. यातला चर्च गेट साधारण आजच्या फ्लोरा फाउंटन म्हणजे हुतात्मा चौकापाशी होता. तो ज्या चर्चच्या दिशेने उघडायचा, ते सेंट थॉमस हॉर्निमन सर्कलजवळ अजून आहे. म्हणजे चर्चगेट स्टेशन पाहून तिथे गेट शोधू नका, सापडणार नाही.

1860च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत, तट पाडायला घेतला. मराठ्यांची भीती केव्हाच संपली होती, आत गर्दी मावत नव्हती आणि अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, म्हणजे हाताशी पैसाही होता. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर अशी रांग उभी राहिली. हिला सरसकट ‘इंग्रजांनी दिलेली मुंबई’ म्हणणं मला पटत नाही. राजाबाई टॉवरचे पैसे कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी दिले, नाव त्यांच्या आईचं. शेजारच्या दीक्षान्त सभागृहाला कावसजी जहांगीर यांची देणगी. आणि दगड फोडणारे, वाहणारे हात कुणाचे होते, हे वेगळं सांगायला नको.

उरलेला किल्ला बघायचाच असेल तर सीएसएमटीला उतरा आणि सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात जा. तटाला नंतर जोडलेल्या फोर्ट जॉर्जचा थोडा भाग तिथे शिल्लक आहे. तटाच्या आधीचा मूळ किल्ला म्हणजे बॉम्बे कॅसल, त्याचे अवशेष नौदलाच्या आयएनएस आंग्रे या तळावर आहेत, तिथे मात्र सहज आत सोडत नाहीत.