चर्चमध्ये एक आणि शेतात दुसरं, असं न होता ख्रिस्ती म्हणून कसं जगावं?

तुम्ही विचारलंय की रविवारी पुढच्या बाकावर डोळे मिटून बसणारी माणसं सोमवारी लोकांचे पैसे बुडवताना दिसतात, मग खरा विश्वास ओळखायचा कसा आणि आपण स्वतः ढोंगी होऊ नये म्हणून काय करायचं. मी शहादा तालुक्यातला, कापूस करतो, लहानपणापासून मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जातो. माझं उत्तर एवढंच: काटा बघा.

वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी बांधावर काय चालतं हे खानदेशात कुणाला सांगायला नको. बाया दिवसभराचा कापूस गाठोड्यात बांधून आणतात, निंबाच्या फांदीला काटा टांगलेला असतो, मालक वही घेऊन बसतो. काट्यावर बावीस किलो सातशे ग्रॅम आलं की वहीत बावीस. किलोला दहा रुपये मजुरी धरली तर त्या बाईचे सात रुपये तिथेच गेले. पंधरा बाया आणि पुढची सगळी वेचणी धरून हिशेब तुम्हीच करा. बाईला आकडा दिसतो, ती बोलत नाही, कारण उद्याही त्याच शेतात यायचं असतं. आणि हाच मालक रविवारी दानार्पणाच्या थैलीत नोट टाकताना ती जरा उलगडून टाकतो!

बायबलमध्ये याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात नेमकी हीच गोष्ट आहे: शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आहे आणि ते ओरडणं देवाच्या कानी गेलं आहे. मत्तय २३ मध्ये येशू शास्त्री-परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या धर्मपंडितांना आणि कडक नेम पाळणाऱ्यांना, सुनावतो की पुदिन्या-जिऱ्याचाही दशमांश (दहावा हिस्सा) देवाला देता आणि न्याय, दया बाजूला ठेवता. जिरं चिमटीने मोजणाऱ्याला कापूस मोजताना ग्रॅम दिसत नाहीत, हे कसं?

मालकाची बाजू नाही असं नाही. सकाळचा दवाचा कापूस जड भरतो, फडक्याचंही वजन असतं. कापायचंय तर कापा, पण किती ते वेचणी लागण्याआधी बायांना सांगा आणि सगळ्यांना तेच लावा. मापात पाप सुरू होतं ते न सांगता कापण्यात.

आणि आधी कापून झालं असेल तर? लूकच्या १९व्या अध्यायातला जक्कय बघा. जकातदारांचा मुख्य, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू घरी आल्यावर तो म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं खोटेपणाने घेतलं त्याला चौपट परत करतो. आमच्याकडे उपवास-प्रार्थनेला साक्ष देताना, म्हणजे देवाने आपल्याला कसं बदललं हे सगळ्यांपुढे सांगताना, माणसं ढसाढसा रडतात. त्या रडण्यावर मी शंका घेत नाही, पण जक्कयाने आकडा सांगितला होता.

आता उलट बाजू, कारण ढोंगी हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. दारू सुटत नाही म्हणून शरमेने मागच्या बाकावर बसणारा माणूस ढोंगी नव्हे, तो आजारी आहे आणि योग्य ठिकाणी आला आहे. प्रार्थना करताना मनात शंका येते म्हणून तुम्हीही ढोंगी ठरत नाही. मार्कच्या नवव्या अध्यायातल्या त्या मुलाच्या बापाने येशूच्या तोंडावर सांगितलं, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. आणि मुलगा बरा झाला.

कागदावर एक धर्म आणि घरात दुसरा, यावरही लोक बोटं मोडतात. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्या जातीच्या सवलती जातात, म्हणून काही जण कागदावर जुनाच धर्म ठेवतात. नवापूर-अक्कलकुव्याकडच्या आदिवासींना ती अट नाही. खोटं लिहिणं मला पटत नाही. पण आदिवासी म्हणून सवलत शाबूत असलेल्या माझ्यासारख्याने दुसऱ्याच्या मुलाच्या फीवरून त्याचा विश्वास मोजू नये, एवढी तरी लाज मी बाळगतो.

दानाबद्दल मत्तय ६ स्पष्ट आहे, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. नाताळात वस्तीत किराणा वाटला तर फोटो स्टेटसला टाकू नका. ज्या म्हातारीच्या हातात पिशवी दिली, तिचे नातेवाईकही तो फोटो बघतात, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. देणगीदाराला हिशेब द्यायचा असेल तर सामानाची पावती पुरते.

अशा लोकांपायी मंडळी सोडावी का, हे तुमच्या प्रश्नात न लिहिताही दिसतं. मी म्हणेन, इतक्यात नको. मंडळी न्यास म्हणून नोंदलेली असेल तर जमाखर्च ठेवणं तिला कायद्याने भागच आहे, म्हणून वार्षिक सभेत तो वाचून दाखवायला सांगा. पुढच्या बाकावरच्याने तुमची मजुरी बुडवली असेल तर आधी त्याच्याशी एकट्याने बोला, नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत न्या, तरी नाही तर पाळकसाहेबांसह (चर्चच्या पाद्रींसह) मंडळीपुढे मांडा. मत्तय १८ मध्ये हाच क्रम दिला आहे. आणि मजुरी किती, कोणत्या तारखेची, ते वहीत लिहून न्या.