तिचा शनिवार बंद करू नका

"मॅडम, मुलगी अकरावीला आहे, फिजिक्सला 82, मॅथ्सला 71. जवळच्या हौशी लोकांच्या वेधशाळेत दर शनिवारी आकाशदर्शनाला व्हॉलंटियर म्हणून जाते. तिला खगोलशास्त्रज्ञ करायचं आम्ही पक्कं ठरवलंय. पण ती तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवत बसते, त्यात कसलं करिअर? मागच्या महिन्यात एका आजोबांना शनी दिसेना म्हणून त्यांच्याजवळ अर्धा तास थांबली आणि घरी यायला उशीर केला. तेव्हापासून शनिवार बंद केलाय. मार्क कसे वाढवायचे, कुठली परीक्षा द्यायची ते सांगा." (एका वडिलांचं पत्र, थोडं कमी करून.)

नमस्कार,

मार्कांचं आधी सांगून टाकते. या मार्कांत घाबरण्यासारखं काही नाही, मॅथ्सला रोज थोडा जास्त वेळ द्यायला लावा, सुधारेल. पुढे फिजिक्समध्ये पदवी, मग मास्टर्स, मग पीएचडीची प्रवेश परीक्षा, आणि कुठल्या संस्थेला कुठली परीक्षा लागते ते त्यांच्या साइटवर एका संध्याकाळी बघून होतं.

मला तुमच्या पत्रात वेगळंच काहीतरी टोचलं. एवढं मोठं पत्र, त्यात "आम्ही ठरवलंय" वारंवार आहे आणि मुलगी काय म्हणते त्याचं एकसुद्धा वाक्य नाही. शनिवार बंद केल्यावर ती भांडली का, रडली का, की गप्प बसून पुस्तक उघडलं, तेही तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला खरं तर तेच सगळ्यात आधी हवं होतं. तिला जे आवडतं त्याचं तुम्ही परस्पर प्रमोशन करून टाकलंत. ती लोकांना हौसेने आकाश दाखवते, तुम्हाला त्यात दिसतं की मुलगी सायंटिस्ट होणार. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो. आणि गंमत म्हणजे ज्या जागेमुळे तिला हा विषय आवडायला लागला तीच जागा तुम्ही त्या विषयाच्या नावाखाली बंद केलीत. हे चुकतंय, स्पष्टच सांगते.

आता तो आजोबांचा अर्धा तास. तुम्ही तो तक्रार म्हणून लिहिलाय, मला त्यात तुमच्या मुलीबद्दल मार्कशीटपेक्षा जास्त कळलं. दुर्बिणीतून ग्रह "दिसत" नाही तो का, याचा विचार तुम्ही केलाय का कधी? समजा 200 मिलिमीटर व्यासाची दुर्बीण आहे आणि ती 200 पट मोठं दाखवतेय, तर आयपीसमधून, म्हणजे ज्या भिंगाला डोळा लावतात त्यातून, बाहेर येणारा प्रकाशाचा झोत फक्त 1 मिलिमीटर जाडीचा असतो. तेवढ्या झोतात स्वतःच्या डोळ्याची बाहुली बरोबर आणून धरायची, वयस्कर माणूस, मान वाकत नाही, चष्मा काढायचा की ठेवायचा कळत नाही, आधारासाठी हात नेमका दुर्बिणीवरच पडतो की सगळं हललं. त्यात पृथ्वी फिरतेय, दुर्बिणीला मोटर नसेल तर एवढ्या मोठ्या करून दाखवलेला शनी साधारण मिनिटभरात आयपीसच्या एका कडेने येऊन दुसऱ्या कडेने निघून जातो. म्हणजे आजोबा डोळा नीट लावेपर्यंत शनी गेलेला! मग पुन्हा आणायचा, पुन्हा "आजोबा, हात इथे खुर्चीवर ठेवा, आता हळूच बघा, थोडं मागे या, काळं दिसलं तर डोळा किंचित हलवा." आणि मागे रांग चुळबुळ करत असते ती वेगळीच.

शिवाय शनीच्या कड्यांचं सध्या अवघडच आहे. 2025 च्या मार्चमध्ये ती आपल्याला अगदी आडवी, कडेवरून दिसत होती, म्हणजे पातळ रेघ, छोट्या दुर्बिणीत जवळपास नाहीशीच, आणि अजून पुरती उघडलेली नाहीत. साधारण 15 वर्षांनी एकदा असं होतं कारण शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात आणि त्या एका फेरीत कडी दोनदा आडवी दिसतात. लोक मोबाईलवरचे फोटो बघून आलेले असतात, त्यांना वाटतं आपल्याला फसवलं. अशा वेळी समोरच्याला निराश होऊन जाऊ न देता, रेघच का दिसतेय हे दोन वाक्यांत त्याच्या भाषेत सांगणं, हे फार कमी लोकांना जमतं. कितीतरी प्रोफेसरांना जमत नाही. तुमची मुलगी अकरावीत ते शिकतेय आणि तुम्ही म्हणताय वेळ वाया गेला.

एक गैरसमज मात्र दूर करायलाच हवा, कारण त्यावर तुमचा सगळा प्लॅन उभा आहे. तुम्हाला वाटतं की वेधशाळेत दुर्बिणीपाशी उभं राहणं ही पहिली पायरी आणि खगोलशास्त्रज्ञ होणं ही त्याच जिन्याची वरची पायरी. तसं नाहीये. आजचा संशोधक आयपीसला डोळा लावून बसत नाही. चिलीमधल्या रुबिन वेधशाळेचं उदाहरण घ्या, 2025 च्या जूनमध्ये तिचे पहिले फोटो आले, 8.4 मीटरचा आरसा, 3200 मेगापिक्सेलचा कॅमेरा, आणि माणसाने डोळा लावायला जागाच नाही. जो डेटा येतो तो जगभरातले लोक आपापल्या कॉम्प्युटरवर बसून तपासतात, प्रोग्रॅम लिहितात, चुका शोधतात, एका आलेखावर महिनोन्महिने घालवतात. ते काम सुंदर आहे, ज्याला आवडतं त्याला वेड लावतं. पण ते काम आणि अनोळखी माणसाला गुरूचे चार मोठे चंद्र दाखवताना होणारा आनंद यांचा स्वभाव वेगळा आहे. काहींना दोन्ही आवडतं, काहींना एकच. तुमच्या मुलीला कोणतं आवडतं हे तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही, कदाचित तिलाही अजून नसेल, आणि ते कळायचा रस्ता शनिवार बंद करून निघत नाही.

"त्यात करिअर काय" या प्रश्नाला टाळत नाही. लोकांना आकाश दाखवण्या-समजावण्याच्या या क्षेत्रात पगारी जागा कमी आहेत. तारांगणात कार्यक्रम करणारे, विज्ञान संग्रहालयातले शिक्षण अधिकारी, मोठ्या वेधशाळांचे आणि अवकाश संस्थांचे जनसंपर्क विभाग, विज्ञान पत्रकारिता, एवढ्या दिशा आहेत. काही ठिकाणी विज्ञान संवादाचे स्वतंत्र पदव्युत्तर कोर्स आहेत. आंतरराष्ट्रीय खगोल संघाने 2012 मध्ये जपानच्या राष्ट्रीय वेधशाळेबरोबर याच कामासाठी टोकियोला स्वतंत्र ऑफिस काढलंय, म्हणजे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असं निदान खगोलशास्त्रज्ञ तरी मानत नाहीत. पण बऱ्याच जागा कंत्राटी असतात, पगार सॉफ्टवेअरवाल्यांसारखा नसतो, आणि हौशी वेधशाळा तर बहुतेक व्हॉलंटियरांवरच चालतात. यात बरंचसं काम असं आहे की पोटापाण्याचं दुसरीकडून बघायचं आणि हे मनापासून करायचं. म्हणून फिजिक्सची पदवी घ्याच म्हणते मी, त्यातून संशोधन, शिकवणं, संवाद, डेटाचं काम, सगळीकडे जाता येतं. म्हणजे परीक्षेबद्दल आपलं भांडण नाहीच आहे, भांडण फक्त शनिवारचं आहे.

जॉन डॉबसन यांचं नाव ऐकलंय? शिक्षण केमिस्ट्रीचं, मग बरीच वर्षं रामकृष्ण संघाच्या अमेरिकेतल्या मठात संन्यासी. जहाजांच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे करायचे, पुठ्ठ्याच्या नळ्यांत बसवायचे, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर उभं राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारायची, या, चंद्र बघा. 1968 मध्ये त्यांच्याभोवती फुटपाथवरच्या आकाशदर्शकांचा एक गटच तयार झाला. त्यांनी लोकांसमोर आणलेली दुर्बिणीची साधी, स्वस्त बैठक, म्हणजे स्टँड, आज जगभर डॉबसोनियन म्हणून ओळखली जाते आणि बहुतेक तुमच्या मुलीच्या वेधशाळेतही एखादी असेल. संशोधक म्हणून त्यांचं नाव नाही, पण त्यांच्यामुळे दुर्बिणीला डोळा लावलेल्या माणसांची मोजदाद नाही. तुमच्या हिशोबात या माणसाला नापास करायचं का?

तर तुमच्यासाठी माझं म्हणणं एवढंच: या शनिवारपासून तिला पाठवा. उशिराची काळजी रास्त आहे, रात्रीचं प्रकरण आहे, तर न्यायला तुम्ही जा. आणि नुसतं गेटबाहेर थांबू नका, आत जाऊन रांगेत उभे राहा आणि तिच्या दुर्बिणीतून बघा. तिला सूचना देऊ नका.

आता पुढचं तुझ्यासाठी बेटा, बाबांना सांगते की हे तुला वाचायला द्या. एक वही कर. लोक जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेव, "आत फोटो चिकटवलाय का" पासून "पौर्णिमेला का नाही बोलावत" पर्यंत सगळं. पौर्णिमेचं तुला माहीतच असेल, समोरून ऊन पडतं, सावल्या नसतात, चंद्र सपाट दिसतो, अष्टमीच्या आसपास विवरं उठून दिसतात, पण हे एका सात वर्षांच्या मुलाला आणि एका आजींना कसं वेगवेगळं सांगशील ते लिहून बघ. देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या शेजारची दुसरी आकाशगंगा, दाखवताना लोकांचा चेहरा पडतो ना, धुरकट ठिपका बघून? त्यावर तू काय बोलतेस तेही लिही. आणि दुसरीकडे सुट्टीत थोडं पायथन, ती प्रोग्रॅम लिहायची भाषा, शीक, खुल्या डेटावरून एखाद्या रूपविकारी ताऱ्याचा प्रकाश कमी-जास्त कसा होतो त्याचा आलेख स्वतः काढ. कंटाळा आला तर तसं सांग, रात्रभर कॉम्प्युटरसमोरून उठावंसं वाटलं नाही तर तसं सांग, दोन्ही उत्तरं चालतील. मग मला तू स्वतः लिही, बाबांकरवी नको, आणि सोबत वहीतली दोन-चार पानं जोड.