'डिमॉरलाइझ' : नीतिभ्रष्ट करणे की धीर खचवणे?

एका वाचकाने विचारले आहे की, कोशात 'डिमॉरलाइझ' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ 'नीतिभ्रष्ट करणे' असा दिलेला असताना 'सलग पराभवांनी संघ डिमॉरलाइझ झाला' असे लिहिणे चूक आहे काय?

ते चूक नाही. मात्र कोशातला अर्थही चुकीचा नव्हे. तो या शब्दाचा मूळचा अर्थ आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या फ्रेंच क्रियापदावरून हा शब्द इंग्रजीत आला. अमेरिकन कोशकार नोआ वेब्स्टर यांनी १७९४ साली त्या क्रांतीवर लिहिलेल्या पुस्तिकेत तो वापरला, तेव्हा लोकांची नीती बिघडवणे हाच अर्थ त्यांना अभिप्रेत होता. परंतु फ्रेंचमध्ये 'मोराल' म्हणजे केवळ नीती नव्हे. शरीरबळाहून वेगळे असे जे मनाचे बळ, त्यालाही तोच शब्द लावतात. सैन्याच्या संदर्भात हा दुसरा अर्थ एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत रुळला आणि आज तोच मुख्य आहे.

मराठीत त्यासाठी 'मनोधैर्य खचणे' किंवा 'खचवणे' हा प्रयोग मला सर्वांत नेमका वाटतो. 'नाउमेद करणे' हेही चांगले आहे, पण ते 'डिस्करेज'च्या अधिक जवळ जाते. नाटकाचे तिकीट मिळाले नाही, तर आपला हिरमोड होतो; तेथे 'डिमॉरलाइझ' म्हणणे अतिशयोक्त ठरेल, कारण पुढे लढण्याची किंवा काम करण्याची उमेदच ओसरणे हा या शब्दाचा गाभा आहे.

'तेजोवध' हा आपला जुना शब्द येथे आवर्जून आठवावा असा आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात युधिष्ठिर शल्याला विनवतो की, कर्णाचे सारथ्य करण्याची वेळ आली तर त्याचा तेजोवध करावा; आणि पुढे कर्णपर्वात शल्य रथावर बसून अर्जुनाची थोरवी सांगत, हंसाशी पैज लावणाऱ्या कावळ्याची गोष्ट ऐकवत ते काम खरोखरच करतो. शत्रूच्या योद्ध्याला शब्दांनी हतबल करण्याची ही कल्पना 'डिमॉरलाइझ'च्या लष्करी अर्थाशी तंतोतंत जुळते. फरक असा की, तेजोवध कोणीतरी हेतुपुरस्सर करावा लागतो, तर मनोधैर्य दुष्काळाने, थकलेल्या पगारानेही खचते. शिवाय आजच्या मराठीत तेजोवधाला चारचौघांत अपमान केल्याची छटा आली आहे.

'मानसिक खच्चीकरण' हा प्रयोगही सर्रास दिसतो. त्याचा 'खचणे'शी संबंध असल्याचा समज आहे, पण भिंत किंवा जमीन खचते ते क्रियापद निराळे, आणि बैल खच्ची करतात त्यातला 'खच्ची' निराळा. ती प्रतिमा उग्र आहे. म्हणून कोणी जाणूनबुजून, दीर्घकाळ एखाद्याचे बळ हिरावून घेत असेल, तेथेच मी 'खच्चीकरण' लिहीन. हरलेल्या संघासाठी 'मनोधैर्य खचले' एवढे पुरे.