फर्स्ट ऑफिसर शिकाऊ असतो का?

प्रश्न : विमान कॅप्टनच चालवतो ना? मग शेजारचा फर्स्ट ऑफिसर शिकाऊ असतो का?

उत्तर : मुळीच नाही. तो परवानाधारक वैमानिकच असतो. खांद्यावर बहुधा त्याच्या तीन पट्ट्या, कॅप्टनच्या चार. अंतिम जबाबदारी कॅप्टनची. मी कॅप्टन, म्हणून डावीकडे बसतो, तो उजवीकडे. विमान आम्ही आलटून पालटून उडवतो. मी उडवत असताना वेग-उंचीवर नजर आणि रेडिओ त्याच्याकडे. धावपट्टीवर तो ‘व्ही-वन’ (उड्डाण रद्द करता येण्याच्या मर्यादेचा वेग) म्हणाला, की माझा हात थ्रस्ट लिव्हरवरून, म्हणजे इंजिनांची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्यांवरून निघतो. आता थांबायचं नाही, उडायचंच! १९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर एका कॅप्टनने परवानगीविना विमान दामटलं, कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरची (इंजिनं व यंत्रणा सांभाळणाऱ्याची) शंका झटकून टाकली. धावपट्टीवरच्या दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली, ५८३ माणसं गेली. म्हणूनच कनिष्ठ सहकाऱ्याला मी उड्डाणाआधीच बजावतो, काही खटकलं तर तत्क्षणी बोल.