पदोन्नती हुकली म्हणून राजीनामा? आधी सेवापुस्तक उघडा

प्रश्न थोडक्यात असा : जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका, वय ४७. जुलै २००४ मध्ये बंधपत्रित (ठरावीक मुदतीच्या करारावर, तात्पुरत्या) म्हणून रुजू, नियमित नेमणुकीचा आदेश ऑक्टोबर २००५ चा. जीपीएफ (सरकारी भविष्य निर्वाह निधी) कापला जातो, म्हणजे जुनी पेन्शन. मुलाच्या वेळी १० महिने विनावेतन रजा. मूळ वेतन ६५,१००, महागाई भत्ता ५५ टक्के, घरभाडे भत्ता धरून एकूण सुमारे १ लाख १४ हजार. 'मागाहून आलेली' सहकारी परिसेविका (अधिपरिचारिकेच्या वरचं, वॉर्डप्रमुखाचं पद) झाली, यांचं नाव आलं नाही. खासगी रुग्णालय नर्सिंग सुपरिंटेंडेंटचं पद आणि महिना ७० हजार सीटीसी (मालकाचा एकूण खर्च धरून पगार) देतंय, पण ३० दिवसांत हजर व्हा म्हणतं. कार्यालयातून सल्ला मिळाला, 'राजीनामा द्या, लवकर सुटाल.' गृहकर्ज १४ लाख बाकी, हप्ता २१ हजार.

ताई, राजीनामा देऊ नका. नोकरी सोडावी की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, पण कुठल्या कागदावर सोडायची यावर वाद नाही. राजीनामा दिला की महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमांप्रमाणे आधीची सगळी सेवा जप्त होते. पेन्शन नाही, उपदान (ग्रॅच्युइटी) नाही. जीपीएफ तेवढा मिळेल, कारण तो तुमचाच पैसा आहे. २० वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी मोजली जाणारी) सेवा पूर्ण करून स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर मूळ वेतनाच्या निम्मं, म्हणजे ३२,५५० पेन्शन आणि त्यावर ५५ टक्के दराने १७,९०२ महागाई, मिळून ५०,४५२ रुपये दरमहा. एवढं उत्पन्न ७ टक्के व्याजातून काढायचं तर बँकेत ८६ लाख ठेवावे लागतील, आणि त्या व्याजाला वाढता महागाई भत्ता नसतो. शिवाय उपदान : दर पूर्ण सहामाहीला पाव महिन्याचं वेतन. नुसतं मूळ वेतन आणि २० वर्षं धरली तरी साडेसहा लाख. 'लवकर सुटण्याची' किंमत ही आहे.

आता हुकलेल्या पदोन्नतीचा हिशोब. तुम्ही लिहिता की पहिला आश्वासित प्रगतीचा लाभ (पदोन्नती न झालेल्यांना ठरावीक वर्षांनी मिळणारा वरचा वेतनस्तर) मिळाला आहे. तो पदोन्नतीच्या पदाच्या, म्हणजे परिसेविकेच्या वेतनस्तरात मिळतो. त्यानंतर प्रत्यक्ष परिसेविका झालात तरी वेतननिश्चिती पुन्हा होत नाही. म्हणजे ज्या आदेशाने तुमची झोप उडाली, त्याने आज पगारात काही वाढलं नसतं. मान, वॉर्डाचा ताबा, पुढे सहायक अधिसेविकेची वाट, हे नुकसान खरं आहे. पण त्याला रुपयांत मोजून नोकरी सोडायची नसते.

पैसे अडकलेत ते दुसरीकडे. १०-२०-३० वर्षांच्या योजनेत तुमचा दुसरा लाभ ऑक्टोबर २०२५ ला देय झाला आणि तुमच्याच पत्राप्रमाणे प्रस्ताव टेबलावर पडून आहे. एक वेतनवाढ म्हटली तरी मूळ ६७,१०० होतं : २,००० अधिक महागाई १,१००, घरभाडे भत्त्यासह महिन्याला साडेतीन हजार, आणि पेन्शनच्या मुळात कायमची हजाराची भर. पदोन्नतीसाठी जेवढे हेलपाटे घातलेत, त्याच्या निम्मे यासाठी घाला. दोन्हीकडे तेच गोपनीय अहवाल बघतात, तेव्हा मागच्या पाच वर्षांच्या प्रती मागून घ्या. एखाद्या वर्षाची प्रतवारी घसरलेली आणि तुम्हाला कळवलेलीच नाही, असं निघालं तर दोन्ही कामं तिथेच अडली असणार.

ज्येष्ठतेबद्दल थोडं कडू बोलतो. तुमची ज्येष्ठता बहुधा जुलै २००४ पासून धरलेली नाही, ऑक्टोबर २००५ च्या नियमित आदेशापासून धरली आहे. सहकारी तुमच्यानंतर रुजू झाली, पण तिचा नियमित आदेश तुमच्या आधीचा असेल, तर ती यादीत वर असणारच. १ जानेवारीच्या स्थितीची ज्येष्ठता सूची मागवा आणि दोघींचे नियमित नेमणुकीचे दिनांक शेजारी ठेवा. तिचा दिनांक खरंच नंतरचा असेल तर पदोन्नतीच्या मानीव दिनांकासाठी (पदोन्नती मागच्या, हक्काच्या तारखेपासून धरण्यासाठी) लेखी निवेदन द्या, आवक शिक्क्याची पोच ठेवा. सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तर पुढच्या एका वर्षात मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जाता येतं. स्मरणपत्रं पाठवत बसल्याने ही मुदत वाढत नाही. बऱ्याच जणी इथेच फसतात.

बंधपत्राचा हाच काळ स्वेच्छानिवृत्तीतही आडवा येऊ शकतो. जुलै २००४ पासून साडेएकवीस वर्षं दिसतात खरी. पण बंधपत्राचे १५ महिने (दोन नेमणुकांमधल्या तांत्रिक खंडांसह) आणि वैद्यकीय कारणाशिवायची १० महिन्यांची विनावेतन रजा वजा झाली, तर उरतात १९ वर्षं ५ महिने. वीसच्या आत. त्या अवस्थेत नोटीस दिली तर ती नाकारली जाईल आणि हातची ऑफरही जाईल. म्हणून आधी सेवापुस्तक घेऊन बसा : खंड क्षमापित केल्याची (माफ करून सेवा सलग धरल्याची) नोंद आहे का, ती रजा कोणत्या प्रकारात टाकली आहे, आणि अर्हताकारी सेवेचा दाखला लेखी मिळतो का. दाखला १९ वर्षं ५ महिन्यांचा आला तर सात महिने थांबणं एवढाच उपाय, आणि तो स्वस्त आहे.

खासगी ऑफरचे ७० हजार हातात पडत नाहीत. मूळ वेतन ३५ हजार धरलं तर मालकाचा पीएफ ४,२०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे १,७०० त्यातच मोजलेले असतात. तुमचा पीएफ ४,२०० आणि व्यवसाय कर २०० गेला की ५९,७०० उरतात, प्राप्तिकर वेगळा. ईपीएसची (पीएफला जोडलेल्या पेन्शन योजनेची) पेन्शनही नाही, कारण १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्या आणि १५ हजारांवर वेतन असणाऱ्यांना ती योजना लागू होत नाही.

पेन्शन आणि हा पगार मिळून १ लाख १० हजार होतात, जवळपास आजच्याइतकेच. तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घेऊन जाणं वेडेपणा नाही. फरक पुढे पडतो. थांबलात तर दरवर्षीच्या ३ टक्के वाढीने ५८ व्या वर्षी मूळ वेतन ८७ हजारांच्या पुढे जातं आणि पेन्शनचं मूळ ४३ हजारांवर. शिवाय खासगी नोकरी सहा महिन्यांत सुटली तर हप्ता वजा जाता घरात २९ हजार येतील. मुलाचं शिक्षण समोर असताना मी वर्षभर थांबेन, दुसरा लाभ आणि सेवेचा दाखला पदरात पाडून घेईन.

तरीही जायचंच ठरलं, तर नोटीस तीन महिन्यांची लागते. नव्या रुग्णालयाला आजच कळवा की हजर होण्याची तारीख चार महिन्यांनंतरची हवी. अनुभवी सुपरिंटेंडेंटसाठी लोक थांबतात. अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेणं) ४० टक्क्यांपर्यंत करता येतं, पण १५ वर्षं तेवढी पेन्शन कमी येते, त्यामुळे कर्ज फेडण्यापुरतंच करा. महागाई मात्र पूर्ण पेन्शनवरच मिळत राहते. कुटुंबाची आरोग्य पॉलिसी नोकरीत असतानाच काढा : आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षा तीन वर्षांपर्यंत असू शकते, आणि ती जितकी लवकर सुरू होईल तितकं बरं.