गोळी छातीसाठी, झोप मात्र उडाली

प्रश्न : आईला (वय 67) दमा बळावल्यामुळे प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिल्या. ती संध्याकाळी घ्यायची. आठवडाभर रात्री टक्क जागी, मधूनच रडू. डॉक्टर म्हणाले, “सकाळी घ्या, मेंदूतल्या रिसेप्टरचा खेळ आहे.” छातीच्या औषधाचा मेंदूशी काय संबंध?
– एक वाचक, कराड

उत्तर : पत्र वाचून मला हसू आलं, रागावू नका. दोन वर्षांपूर्वी अंगावर पित्त उठलं म्हणून हीच गोळी मी पाच दिवस घेतली. तिसऱ्या रात्री दोन वाजता मसाल्याचे सगळे डबे ओट्यावर मांडून पुसत बसले होते. तीस वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलेली बाई, आणि मोहरीच्या डब्याशी झटापट!

प्रेडनिसोलोन हा आपल्या कॉर्टिसॉलचा, म्हणजे शरीर स्वतः बनवतं त्या ताणाच्या हार्मोनचा, चुलतभाऊ. पेशीचं आवरण ओलांडून तो थेट आत शिरतो. आत कॉर्टिसॉलला धरणारे रिसेप्टर, म्हणजे हार्मोनचा निरोप झेलणारी प्रथिनं, दोन : एमआर (मिनरॅलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर) आणि जीआर (ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर). एमआरची पकड सुमारे दहापट घट्ट, त्यामुळे मध्यरात्री कॉर्टिसॉल तळाला गेलं तरी तो बहुतेक भरलेलाच असतो. जीआर भरतो तो पहाटेच्या लाटेला, नाहीतर माणूस धास्तावला की. हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या आठवणींच्या भागात दोघांचीही दाटी. 1968 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवेन यांनी उंदरांना किरणोत्सारी कॉर्टिकोस्टेरोन (उंदरांचं कॉर्टिसॉलच म्हणा) टोचलं, तर ते नेमकं तिथंच साठून राहिलेलं दिसलं.

खरी गंमत पुढे आहे. हार्मोन धरलेले रिसेप्टर केंद्रकात जाऊन डीएनएवर जोडीनं बसतात. डीएनए पकडणारा भाग दोघांत 94 टक्के सारखा, म्हणजे बसायच्या जागाही त्याच. मग एमआर-एमआर, जीआर-जीआर, किंवा एक हा नि एक तो, अशाही जोड्या जमतात आणि जनुक किती जोरात चालणार ते त्यावर बदलतं. 2016 मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी उंदरांना जबरदस्तीनं पोहायला लावलं. त्या ताणानंतर ‘पर1’ आणि ‘एफकेबीपी5’ या जनुकांवर दोघे एकत्र बसलेले सापडले. ‘पर1’ पेशीच्या घड्याळातलं जनुक. ‘एफकेबीपी5’चं प्रथिन तर उलटून जीआरचीच पकड ढिली करतं, कुकरची शिट्टीच म्हणा.

संध्याकाळच्या गोळीनं काय होतं? रात्री रिकामा असायचा तो जीआर भरतो. बाहेर काळोख, आणि पेशींपर्यंत मात्र पहाटेचा निरोप पोचलेला.

जाता जाता एक विचारते, आई खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळतात का? एमआर मूत्रपिंडातही असतो. तिथे कॉर्टिसॉलनं घुसू नये म्हणून एक एन्झाइम पहाऱ्यावर असतं. हिप्पोकॅम्पसमध्ये हा पहारा जवळपास नाहीच, म्हणून तिथे कॉर्टिसॉलला एमआर मोकळा मिळतो. ज्येष्ठमध मूत्रपिंडातल्या त्या पहारेकऱ्याला अडवतो, आणि रोज भरपूर खाल्ला तर बीपी चढतं. चघळत असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

गोळी सकाळी नाश्त्यानंतर द्या, पण आपल्या मनानं बंद करू नका. बाहेरून माल येतोय म्हटल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल आवरतं घेतं, आणि ते पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. वेळ बदलूनही रडू थांबलं नाही, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता त्याच डॉक्टरांना फोन करा.